शेवंतीचं येतो-जातो

निघताना मी 'येतो' म्हणत नाही. 'जातो' म्हणतो. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या अख्ख्या वाडीत मी वाया गेलेला माणूस आहे. मुंबईला राहून, छापखान्यात खिळे जुळवून जुळवून ह्याची जीभ काळी झाली, असं आमची आई दर वर्षी ज्याला त्याला सांगते आणि ज्याला सांगते तो मान डोलावतो. मी वाद घालत नाही. वैशाख सरत येतो, शेवटच्या आगबोटीच्या तारखेची खबर बंदरावरून चढण चढून वर गावात पोचते, तेव्हा मी ट्रंक भरायला घेतो आणि तो शब्दही काढून ठेवतो.

आमचं गाव रत्नागिरीहून मिरजोळ्याकडे जाताना लागतं. बंदर तिथून दीड-दोन तासांच्या पायवाटेवर. आमच्याकडे ह्या दिवसांना कुणी उन्हाळा म्हणत नाही आणि पावसाळा तर अजून आलेला नसतो. शिमग्याला आलेले, मे महिन्यात आलेले, लग्नाला आलेले सगळे गिरणीवाले ह्या आठ-दहा दिवसांत परततात. एकदा बोटी बंद झाल्या की चार महिने दर्या कुणाचा नाही. दोरखंडाने आवळलेल्या ट्रंका, कुळथाच्या पिठाच्या पुरचुंड्या, फणसाच्या साटांच्या वळकट्या, आणि घराघरातून तोच आवाज, 'येतो हां', 'येतो गो', 'येतो काकू'. जाणारा एकजात प्रत्येक जण येतो म्हणतो. परक्या मुलखातला माणूस इथे उभा केला तर त्याला वाटेल, आज गावात केवढे पाहुणे येताहेत.

सगळीकडे रातांब्यांचा आंबटगोड वास असतो. घरापुढच्या खळ्यात चटयांसारख्या हातऱ्या पसरलेल्या, त्यांवर कोकमाची सोलं. आमची शेवंती, माझी धाकटी बहीण, त्यांच्याशेजारी उकिडवी बसून ती उलटत असते. रातांबा फोडायचा, बी काढायचं, साल त्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. एकदाच बुडवून ठेवलेलं सोल पावसात बुरसतं. हे काम शेवंतीइतकं नीट गावात कुणाला जमत नाही, कारण तिला घाई नाही. तिला घाई करताच येत नाही.

शेवंती चार वर्षांची होईपर्यंत धड बोलली नव्हती. मुकी नव्हती. बहिरी तर मुळीच नाही. झाडीत आंबा पडला तर तो कुठल्या अंगाला पडला हे आम्हाला कळायच्या आत ती तिकडे चालू लागलेली असायची. आईने वेखंड मधात उगाळून तिच्या जिभेवर चोळलं. पोपटाने टोचलेला पेरू खाल्ला की पोर बोलतं असं कुणी सांगितलं, म्हणून मी पेरूच्या झाडावर चढून उष्टे पेरू हुडकले. ते तिने आवडीने खाल्ले. बोलली नाही ती नाहीच.

मग बोलायला लागली ती अशी, की आई म्हणाली, त्यापेक्षा गप्प होती ते बरं. 'आई भात उकळ' म्हणजे भात उकळतोय, आई उकळतेय की आईने उकळावा, काही पत्ता नाही. करवंदाचं 'कवरंद' व्हायचं. पळी हातात धरून पळी हा शब्द शोधत उभी राहायची आणि शेवटी 'ढवळ, ढवळ' म्हणायची. नवा शब्द सांगितला तर संध्याकाळपर्यंत टिकायचा, सकाळी पार पुसलेला. शाळेत माझ्याबरोबर आठ दिवस बसली. मास्तर भला माणूस होता, मारलं नाही. 'हिला ऐकू येतं, पण पोचत नाही रे,' एवढंच मला म्हणाला आणि उद्यापासून आणू नको म्हणाला.

पोचत नाही, हे मात्र त्याचं चुकलं. पोचत होतं, उशिरा पोचत होतं. हे मी शोधून काढलं आणि मला वाटतं, आयुष्यात मी शोधून काढलेली तेवढी एकच गोष्ट. एकदा तिला म्हणालो, 'शेवू, तांब्या आण.' ती माझ्याकडे बघत राहिली. मी आळशी पोर, पुन्हा सांगायचा कंटाळा आला म्हणून गप्प बसलो आणि सहज बोटं मोजू लागलो. सात झाली तेव्हा ती उठली आणि तांब्या घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सूप आण म्हणालो आणि पुन्हा मोजलं. सात. घरातले सगळे तिला तीन मोजायच्या आत पुन्हा विचारायचे, वर आवाज चढवायचे. म्हणजे पहिला शब्द अजून वाटेवर आहे तोच मागून दुसरा येऊन धडकला. मग तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि लोक म्हणायचे, ठोंबी.

मी एक शब्द सांगायचो. वस्तू तिच्या हातात द्यायचो. सात मोजायचो. पुन्हा तोच शब्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. असं सोलासारखं बुडवत वाळवत एकेक शब्द तिच्यात टिकू लागला. ती आठ वर्षांची होईतो तिच्याजवळ माझे म्हणून चाळीसेक शब्द झाले असतील. त्यांना ती घट्ट धरून असायची. एका शब्दाला एक अर्थ. तो अर्थ हलला की ती माझ्याकडे असं बघायची जणू मी तिला फसवलं.

आता आमची भाषा काय लायकीची आहे बघा. कोकणातल्या बायका बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तांदूळ संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. एकदा आई कणगीत हात घालून म्हणाली, 'तांदूळ वाढले गो बाय.' शेवंती मोजून सात आकड्यांनी हसली आणि सूप घेऊन कणगीकडे धावली. वाकून आत बघत राहिली बराच वेळ. नारळही आमच्याकडे कुणी फोडत नाही, वाढवतात. बाबा दगडावर नारळ आपटायचे, आई मागून म्हणायची, 'वाढवा, वाढवा.' शेवंतीने मनाशी धरलं की वाढ म्हणजे हाण. मग एके दिवशी मी जेवायला बसलो असताना आई तिच्या हातात आमटीचा डाव देऊन म्हणाली, 'दादाला वाढ.' शेवंतीने डावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तिला ते पटलं नव्हतं हे मी शपथेवर सांगतो, पण आईने सांगितलं म्हणून तिने तो डाव माझ्या टाळक्यात घातला. टेंगूळ चार दिवस होतं. सगळं घर हसलं. मीही हसलो. ती रडली.

बाबा मुंबईला गिरणीत होते. दर वर्षी ह्याच दिवसांत गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाच्या, खिंडारापाशी उभे राहून 'येतो हां' म्हणायचे आणि शेवंती त्या गडग्यावर बसून राहायची. बाबा येतो म्हणाले ना, मग वाट बघायची. आई उचलून आणायची, ती पुन्हा जाऊन बसायची. लहान होती तोवर तीन-चार दिवसांत विसरायची. 'वेडं पोर,' आई म्हणायची. वेडं कसलं. सगळ्या गावात त्या शब्दाचा खरा अर्थ तिला एकटीलाच ठाऊक होता.

मी बारा वर्षांचा झालो तेव्हा ठरलं की मला मुंबईला न्यायचं आणि शाळेत घालायचं. मोठी लढाई संपून तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. मला मुंबई बघायची होती, खोटं कशाला बोलू. पण शेवंतीचं काय, हे माझ्या मनात सारखं यायचं. आईला शेतातून आणि गुरांतून सात मोजायला सवड नव्हती. मी गेलो की हिच्याशी बोलणार कोण? आणि मी 'येतो' म्हणून गेलो तर ही गडग्यावरून उठणार कधी?

म्हणून मी शेवटचे दहा दिवस तिला एकच धडा दिला. खळ्यातून निघायचं, 'जातो' म्हणायचं, गडग्याच्या टोकापर्यंत चालत जायचं. तिथून वळायचं, 'येतो' म्हणायचं आणि तिच्यापाशी यायचं. पाय आणि शब्द बरोबर. पहिले दोन दिवस ती नुसती हसत होती. पाचव्या दिवशी मी निघालो तेव्हा मागून तिचा आवाज आला, 'दादा जातो.' मी वळलो. 'दादा येतो,' ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तसाच पुन्हा गेलो आणि पुन्हा आलो, किती वेळा कोण जाणे.

नवव्या दिवशी आईने ते ऐकलं. शेण काढता काढता उठली आणि तशाच हाताने मला एक ठेवून दिली. 'अभद्र बोलू नको. दर्यावर जायचं हाय तुला. जाणारा जातो म्हणतो काय रे?' मी म्हणालो, 'शेवूला समजायला पायजे.' आई म्हणाली, 'तिला काय समजतंय?'

निघायच्या दिवशी खिंडारापाशी सगळी वाडी. आईने हातावर दही घातलं. बाबा ट्रंक डोक्यावर घेतलेल्या गड्याशी बोलत होते. शेवंती गडग्याला टेकून उभी होती, अगदी तयारीत, धडा पाठ असलेल्या पोरासारखी. तिला माझा शब्द ऐकायचा होता आणि मग तो स्वतः म्हणायचा होता. ओठ आधीच हलत होते तिचे. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे बघितलं, बाबांनी बघितलं, चुलत्या-काकवांनी बघितलं. एवढ्या माणसांसमोर जातो म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, 'येतो.'

मी मोजलं नाही, पण सात झाले असतील. तिच्या ओठांचं हलणं थांबलं. मग तिने एकदा मान हलवली, जसं आपण कुणी चूक सुधारली तर हलवतो तसं, आणि ती गडग्यावर चढून बसली. उतारावर वळताना मी मागे बघितलं तेव्हाही ती बसलेलीच होती.

मुंबईचं काय सांगायचं. शाळा होती, चाळ होती, नळाचं पाणी होतं. गावाहून महिन्याने एक कार्ड यायचं, मास्तरांच्या हातचं. सर्व खुशाल. ज्याच्या घरात काहीही झालेलं असो, कार्डावर सर्व खुशालच असतं. शेवंतीचं नाव त्यात कधी नव्हतं.

मी परत आलो तो दिवाळीच्या तोंडावर, बोटी सुरू झाल्यावर. बाबांना रजा मिळाली नाही, त्यांनी गावातल्या एकाबरोबर मला धाडलं. तो बाजारात रेंगाळला म्हणून मी एकटाच पुढे निघालो. सड्याची, म्हणजे उघड्या पठाराची, चढण चढलो, तर वर कातळावर शेवंती उभी होती. तिथून समुद्र दिसतो, बोटीचा धूर दिसतो. नंतर कळलं की गडग्यावरून तिला मारून उठवल्यावर ती सड्यावर जाऊन बसायला लागली. ऐन आषाढात गोणपाटाची खोळ घेऊन बसायची. आई रोज ओरडत खाली आणायची आणि समजूत घालायची, 'येईल हां, दादा येईल.' पाच महिने रोज येईल. आणि येत कुणी नव्हतं.

तिने मला बघितलं. मी हाक मारली. ती माझ्याकडे धावत येईल म्हणून मी ट्रंक खाली ठेवली, तर ती वळून घराकडे सुसाट सुटली. बातमी सांगायला. जन्मात पहिल्यांदा तिच्यापाशी गावाला सांगण्यासारखी बातमी होती.

खळ्यात बायका भात झोडत होत्या. शेवंती धापा टाकत आली आणि मोठ्याने, एकही अक्षर न चुकता म्हणाली, 'दादा गेला.'

तिचा हिशोब आता मला नीट मांडता येतो. येतो म्हणून दादा दिसेनासा झाला. येईल येईल म्हणून रोज तो नव्हता. म्हणजे येणं म्हणजे समोर नसणं. दहा दिवस दादाने शिकवलं होतं ते चूक होतं, शेवटच्या दिवशी दादानेच ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं होतं. आणि दादाच्या शब्दावर तिचा जगापेक्षा जास्त विश्वास. मग आज दादा समोर आहे, तर दादा काय? दादा गेला. इतका सरळ विचार आमच्या वाडीत त्या दिवशी दुसऱ्या कुणी केला नव्हता.

पण ती आली होती सड्यावरून, समुद्राकडून. दिवस नुकतेच बोटी सुटल्याचे, आणि आज मुलगा येणार हे आईला ठाऊक. शेवंती खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. तेवढं डोकंच नाही तिला, असं ते म्हणायचे. आई होती तिथे कोसळली. हात दगडावर आपटले आणि बांगड्या फुटल्या. मी फुटल्याच म्हणतो. मी गडग्याशी पोचलो तेव्हा खळ्यात रडण्याचा एकच कल्लोळ होता आणि मधोमध शेवंती उभी, माझ्याकडे बोट दाखवत, पुन्हा पुन्हा सांगत, 'दादा गेला, दादा गेला.' ती हसत होती. तिला वाटत होतं, बायका आनंदाने ओरडताहेत.

मला बघितल्यावर आईने मला कुरवाळलं नाही. आधी ती शेवंतीकडे वळली. रक्ताळलेल्या हाताने तिच्या तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, जिथून तो शब्द निघाला तिथेच. 'भावाला मारतंस? भावाला खातंस?' शेवंती मार चुकवत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिचा शब्द बरोबर आहे हे मी सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

मी काही बोललो नाही. मला सगळं कळलं होतं, त्या क्षणीच कळलं होतं. चूक माझी होती हे सांगायला मला फार तर दोन वाक्यं लागली असती. बारा वर्षांचा होतो, घाबरलो होतो, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. लाज वाटायची ती वाटतेच.

त्या दिवसानंतर शेवंतीने येणं आणि जाणं हे दोन्ही शब्द टाकले. बाकीचं बोलणं हळूहळू वाढलं, म्हणजे वाढलंच, माझ्या सुट्ट्यांमधून, सात मोजून मोजून. पळीला पळी म्हणते, करवंदाला आता करवंद म्हणते. चार शब्दांचं वाक्य सरळ लावते. पण गाय गोठ्यात आली तर 'गाय गोठ्यात' म्हणते आणि थांबते. माझ्याबद्दल बोलायचं तर समुद्राकडे हात करते. आली-गेली काही नाही. माणूस ह्या दोन शब्दांशिवाय किती दिवस काढू शकतो? तिने चौदा वर्षं काढली.

मी छापखान्यात लागलो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. नवा माणूस चक्रावतो, मला ते पहिल्या दिवसापासून वाचता आलं. आमच्या मालकांना त्याचं भारी कौतुक. मुंबईत आता बोलपट आलेत, पडद्यावरची माणसं फडाफडा बोलतात आणि लोक रांगा लावून ऐकतात. मी एकदा गेलो होतो. कुणी कुणाला सात मोजायला जागाच ठेवत नाही. मध्येच उठून बाहेर आलो.

कामाला लागल्याच्या पहिल्याच मेपासून मी निघताना 'जातो' म्हणायला लागलो. आई कानांवर हात ठेवते. बाबा आता गिरणी सोडून घरीच असतात, ते दुसरीकडे बघतात. मी शेवंतीसमोर उभा राहतो, जातो म्हणतो आणि सात मोजतो. ती मान खाली घालून सोलं उलटत असते. सातानंतर मी आणखी सात मोजतो. मग ट्रंक उचलतो. आठ वर्षं हे असंच. ती आता गडग्यावर जाऊन बसत नाही, हेही काही कमी नव्हतं.

ह्या वर्षी शेवटची बोट दोन दिवस अलीकडे आली. वारा फिरला होता, खाली बंदरात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायला घेतल्या होत्या. सोलं अर्धी ओलीच होती. मी ट्रंक घेऊन खळ्यात आलो. शेवंतीचे हात कोपरापर्यंत लाल. मी म्हणालो, 'शेवू, जातो.'

सात झाले. चौदा झाले. आई दारातून म्हणाली, 'जा रे बाबा, बोट चुकंल.' चुकून का होईना, तीही जा म्हणाली. मी ट्रंक उचलली आणि खिंडारापर्यंत आलो.

'जा,' मागून आवाज आला.

मी वळलो नाही. मला ओळखू येत होतं, वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. मध्ये कुणी बोलू नये म्हणून मी मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले. आई बोलली नाही. बाबा बोलले नाहीत. मी मोजत होतो.

'मंग ये,' शेवंती म्हणाली.

मी 'हो' म्हणालो. वळून बघितलं तेव्हा ती पुन्हा सोलांवर वाकली होती. गडग्याकडे तिचं लक्षही नव्हतं.